‘आम्ही काय वाचलं’ मधला मुलगा गप्प का झाला?

पत्र थोडक्यात: पुण्यात वारज्याकडे राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. नोकरी हिंजवडीत, मुलगा ९ वर्षांचा, चौथीत, इंग्रजी माध्यमात, मराठी वाचतो पण हळू. त्यांच्या सोसायटीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी क्लबहाऊसमध्ये २०-२५ जण जमतात आणि वाचलेल्या पुस्तकांवर बोलतात. या बाई गेलं दीड वर्ष तिथे ‘या महिन्यात आम्ही काय वाचलं’ असं टिपण वाचून दाखवतात, त्यात दोन-तीन पुस्तकं मोठ्यांची आणि दोन-तीन मुलांची. त्या लिहितात, "ताई, मोठ्यांच्या पुस्तकावर लिहायला बसले की लिहीत सुटते, मुलांच्या पुस्तकावर आले की ‘भाषा सोपी, चित्रं छान, संस्कारक्षम, जरूर द्या’ याच्यापुढे गाडी जातच नाही." दुसरं म्हणजे मुलगा पूर्वी पुस्तकाबद्दल भरभरून बोलायचा, आता विचारलं की म्हणतो "छान होतं", आणि परवा म्हणाला, "तू परत सगळ्यांना सांगशील." तिसरं, सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिका काकूंनी स्वतःच्या खर्चानं मुलांच्या गोष्टींचं पुस्तक छापलंय आणि पुढच्या रविवारी त्यावर बोल म्हणून प्रत आणून दिली आहे. यांना ते उपदेशाचं वाटलं, मुलानं तिसऱ्या गोष्टीतच सोडलं. त्यातली चिंचेच्या झाडाची एक गोष्ट तेवढी बरी होती म्हणतात. शेवटी प्रश्न असा, की मुलांच्या पुस्तकांचा भाग बंद करून फक्त मोठ्यांच्या पुस्तकांवर बोलावं का? ताजा कलम: मुलगा हल्ली रात्री पांघरुणात तेच ते ‘फास्टर फेणे’ चौथ्यांदा वाचतोय, हे बरं की वाईट?

नमस्कार,

तुम्ही पत्रासोबत चार महिन्यांची टिपणं पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण नुसत्या पत्रावरून मी काहीतरी वेगळंच उत्तर दिलं असतं. टिपणं वाचली आणि मी अडकले ती मथळ्यातल्या ‘आम्ही’पाशी. या महिन्यात आम्ही काय वाचलं. तुमचे तिन्ही प्रश्न मला त्या एका शब्दात दिसायला लागले, तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

‘बनगरवाडी’वर तुम्ही लिहिलंय की शेवटी दुष्काळात गाव रिकामं होत जातं तिथे पुस्तक पालथं घातलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले, समोर टँकर आला होता आणि वॉचमन पाइप लावत होता, आणि मला त्या माणसांच्या मेंढरांची आठवण येत राहिली. किती चांगलं लिहिलंय! मी ते पुस्तक कॉलेजात असताना वाचलेलं, तुमचं टिपण वाचून परत काढलं कपाटातून. आणि त्याच कागदावर खाली ‘राधाचं घर’ या छोट्या पुस्तकांच्या संचाबद्दल तुम्ही लिहिता, "चित्रे आकर्षक, भाषा सोपी, लहान वयोगटासाठी उत्तम." म्हणजे वर एक बाई आहे, तिला गॅलरी आहे, तिला काहीतरी होतंय, आणि खाली कुणीच नाही, नुसता शेरा आहे. प्रगतिपुस्तकावर असतो तसा.

असं का होतं याचा मी खूप विचार केलाय कारण मीही वर्षानुवर्षं हेच केलं. मला वाटतं आपण मुलांच्या पुस्तकाकडे डबा भरल्यासारखं बघतो. पोटात काय जाईल, पौष्टिक आहे का, गोड जास्त नाही ना. शब्द वाढतील का, मराठी सुटणार नाही ना, खोटं बोलू नये हे कळेल का. ‘बनगरवाडी’ वाचून माझ्यात कुठला सद्गुण वाढला असा प्रश्न तुम्हाला पडला नाही, पडला असता तर ते टिपण असं झालंच नसतं. मुलाच्या पुस्तकाला मात्र पहिला प्रश्न तोच. यात तुमची चूक आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, मुलगा इंग्रजी माध्यमात, घरी बोलतो मराठी पण वाचताना अडखळतो, ती काळजी खरीच आहे आणि ती आईनं नाही करायची तर कुणी करायची. फक्त ती काळजी वेगळी आणि पुस्तक कसं आहे हे वेगळं. काळजी टिपणात शिरली की पुस्तक दिसेनासं होतं.

आणि एक समज यामागे दडलेला असतो, की मुलांचं लिखाण म्हणजे लेखकाचं डाव्या हाताचं, हलकं काम. विंदा करंदीकरांनी ‘अष्टदर्शने’मध्ये आठ तत्त्वज्ञ कवितेत आणले आणि त्याच माणसानं ‘एटू लोकांचा देश’ लिहिलं. माधुरी पुरंदरे, ज्यांच्या संचाला तुम्ही एका ओळीत मोकळं केलंत, त्यांनी मोठ्यांसाठी पिकासोचं चरित्र लिहिलंय, फ्रेंचमधून भाषांतरं केलीत, आणि मुलांच्या पुस्तकात त्या स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेली, पॅरिसला जाऊन शिकून आलेली बाई जेव्हा एखादी आजी कशी बसलीय हे काढते तेव्हा त्या चित्रावर ‘आकर्षक’ एवढाच शब्द टाकून पुढे जाणं बरं नाही. त्यांच्याच ‘वाचू आनंदे’ची मांडणी बघा, बाल गट आणि कुमार गट, आणि आत मराठीतल्या मोठ्या लेखकांचे उतारे आणि चित्रकारांची चित्रं मुलांसमोर सरळ ठेवलेली. तिथे मोठ्यांचं आणि मुलांचं यात भिंत नाहीये. ती आपण टिपण लिहिताना घालतो.

तर मग मुलांच्या पुस्तकावर लिहायचं कसं. मी काय करते ते सांगते, नियम म्हणून घेऊ नका.

पुस्तक आधी एकटीनं, मुलाला शेजारी न बसवता वाचायचं. दार लावून, मोठ्यानं. मुलांचं पुस्तक बहुतेक वेळा कुणीतरी मोठ्यानं वाचणार असतं, त्यामुळे वाक्य जिभेवर कसं येतं हे कळल्याशिवाय त्याच्याबद्दल काही बोलताच येत नाही. मनात वाचताना बरी वाटलेली वाक्यं मोठ्यानं वाचताना दगडासारखी लागतात, विशेषतः भाषांतरांमध्ये, आणि उलट काही साधी दिसणारी वाक्यं अशी डोलतात की मूल तीच ओळ परत म्हणायला लावतं. बालकवितेत तर दुसरी परीक्षाच नाही. यमक जुळवण्यासाठी शब्द ओढून आणलाय का हे कानाला लगेच कळतं, डोळ्याला कळत नाही.

मग मजकूर हातानं झाकून नुसती चित्रं बघत जायचं. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याचं पुस्तक हेच असतं. चित्रांतून गोष्ट पुढे जाते का, की मजकुरात ‘रामू झाडावर चढला’ आणि चित्रातही तेवढाच रामू आणि तेवढंच झाड? चांगल्या चित्रपुस्तकात चित्र मजकुराला माहीत नसलेलं काहीतरी सांगत असतं, मुलं ते आधी पकडतात आणि आपल्याला दाखवतात, आपण मात्र अक्षरांना चिकटलेले असतो. पान उलटण्याची जागा बघायची. ‘आणि दार उघडलं तर’ हे पानाच्या शेवटी आलंय की मध्येच, यावर सगळी मजा असते, आणि ही गोष्ट कुणीतरी विचार करून ठरवलेली असते, तिची दाद द्यायला हवी.

मग व्यवहाराच्या गोष्टी, ज्या तुमच्या क्लबहाऊसमधल्या आईवडिलांना खरंच उपयोगी पडतील. अक्षर केवढं आहे, एका पानावर ओळी किती, जोडाक्षरं किती आणि कशी छापलीत, ‘श्व’ आणि ‘द्ध’पाशी तुमचा मुलगा थांबतो असं तुम्हीच लिहिलंय. मोठ्यानं वाचायला किती मिनिटं लागतात. एका बैठकीत होतं की झोपताना रोज थोडं असं चालतं. कुणी मरतं का, हेही सांगावं, कारण घरात आजोबा नुकतेच गेलेत अशा आईला ते आधी कळायला हवं, याचा अर्थ ते पुस्तक देऊ नका असा नाही, तिला शेजारी बसता येईल एवढंच. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर त्याही सांगा. आणि किंमत.

वयोगट मात्र लिहू नका अशी माझी विनंती आहे. ९ वर्षांचा मराठी माध्यमातला मुलगा आणि ९ वर्षांचा तुमचा मुलगा यांची समज सारखी आहे, वाचनाचा वेग सारखा नाही. तुम्ही ‘४ ते ६’ असं म्हटलंत की सात वर्षांच्या मुलाची आई ते हातात घेत नाही, आणि मुलानं घेतलं तर त्याला कमीपणा वाटतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टींना वाचनाच्या पातळ्या दिल्यात, पहिली ते चौथी, तिथे प्रश्न तुला वाचता किती येतं हा आहे. त्यांच्याही पातळ्या कधी डोक्यावरून जातात कधी फार सोप्या निघतात, पण विचार बरोबर दिशेचा आहे. तुम्ही सरळ लिहा की या पुस्तकाला वाचक असा लागेल.

आता एक वेगळी गडबड जी तुमच्या टिपणांत दोनदा झालीय आणि जी मला सगळीकडे दिसते. मुलाबद्दलचं पुस्तक आणि मुलांसाठीचं पुस्तक. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ तुम्ही वाचलंत, रडलात, आणि लिहिलंत, "लंपन मुलाच्याच वयाचा, तेव्हा मुलांनाही जरूर द्या." आणि मुलानं दहा पानांत ठेवून दिलं तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं. अहो, पण लंपन मूल आहे म्हणून ते पुस्तक मुलांचं होत नाही ना. आईवडिलांपासून लांब, आजीआजोबांकडे वाढणाऱ्या मुलाची ती हुरहूर ज्याचं बालपण संपलंय त्यालाच पुरती लागते, शिवाय ती बेळगावकडची कानडी वळणाची भाषा, तिची गोडी कळायला आधी आपली बोली कानात मुरलेली असावी लागते. पंधरा-सोळाव्या वर्षी तो ते परत उचलेल कदाचित. कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा, बस्स.

‘श्यामची आई’चं तर याहून वेगळं आहे. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं, १९३५ ला पुस्तक आलं, आणि त्याची रचना आठवा, रात्र पहिली, रात्र दुसरी, आश्रमातल्या सोबत्यांना एक मोठा माणूस आपल्या गेलेल्या आईबद्दल सांगतोय. मोठ्यानं मोठ्यांना सांगितलेली गोष्ट आहे ती! आपण तिला ‘संस्कार’ असं लेबल लावून तिसरी-चौथीच्या मुलाच्या हातात देतो आणि टिपणात लिहितो "प्रत्येक मुलानं वाचावं." तुमच्या मुलानं विचारलं, "आई त्याला मारून पोहायला का पाठवते?" आणि तुम्ही ते टिपणात "गमतीशीर प्रश्न" म्हणून टाकलंत. तो प्रश्न गमतीशीर नाहीये, तो चांगल्या समीक्षकाचा प्रश्न आहे. ते पुस्तक मी आजही मुलांना देईन, पण शेजारी बसून, आणि हे सांगून की हा माणूस आता मोठा झालाय आणि त्याला आई आठवतेय.

काही पुस्तकं मात्र दोघांची असतात आणि त्यांच्यावर लिहायला मला सगळ्यात आवडतं. ‘तोत्तोचान’ हे जपानी पुस्तक, चेतना सरदेशमुख गोसावींनी मराठीत आणलेलं, नॅशनल बुक ट्रस्टचं. मूल वाचतं तेव्हा त्याला आगगाडीच्या डब्यातली शाळा दिसते. आपण वाचतो तेव्हा आपल्याला ते मुख्याध्यापक कोबायाशी दिसतात, पहिल्याच दिवशी एका अनोळखी पोरीचं बोलणं चार तास ऐकून घेणारे. अशा पुस्तकावर दोन वेगळी टिपणं लिहावीत, एक तुमचं आणि दुसरं... आणि इथे आपण मुलाकडे येतो.

तो गप्प झालाय कारण त्याचं बोलणं कामाला लागलंय. टिपणांमध्ये मी मोजलं नाही पण जवळपास प्रत्येक मुलांच्या पुस्तकाखाली त्याचं एखादं वाक्य आहे, नावासकट, आणि तुम्हीच लिहिलंय की क्लबहाऊसमध्ये त्या वाक्यांना सगळ्यात जास्त हशा येतो. त्यानं ते वाक्य तुम्हाला सांगितलं होतं, रात्री, दिवा घालवताना. ते २५ जणांसमोर गेलं, मग लिफ्टमध्ये एखाद्या काकांनी त्याला त्यावरून विचारलं असेल. "तू परत सगळ्यांना सांगशील" यात राग कमी आहे आणि सूचना जास्त आहे, त्यानं तुम्हाला अगदी स्पष्ट सांगितलंय काय झालंय ते. असं सांगणारी मुलं कमी असतात, बहुतेक नुसती गप्प होतात.

मी पेठेतल्या एका छोट्या बालवाचनालयात ११ वर्षं शनिवारी दुपारी बसायचे. आमच्या रजिस्टरमध्ये पुस्तक परत करताना भरायचा एक रकाना होता, ‘पुस्तक कसे वाटले’. मुलं लिहायची ‘छान’. सगळ्या पुस्तकांना छान, पानभर छान छान छान. मी त्यांना समजावून सांगायचे की नीट लिहा, का आवडलं ते लिहा, तर ती ‘खूप छान’ लिहायला लागली. एका मुलीनं पुस्तक नेणंच बंद केलं, तिची आई नंतर भेटली तेव्हा म्हणाली की तिला लिहायचं टेन्शन यायचं. त्या मुलीचं वाचन मी थांबवलं याचं मला अजूनही वाईट वाटतं. मग आम्ही तो रकानाच काढला. पुढच्या दोन-तीन महिन्यांत मुलं टेबलापाशी रेंगाळायला लागली, "तो शेवट तर फसवणूकच आहे" असं बोलायला लागली, आपसात भांडायला लागली पुस्तकांवरून. मी एक शब्द लिहून घेतला नाही, लिहून घ्यावंसं खूप वाटायचं तरी.

तेव्हा ‘आम्ही’ काढा. ‘या महिन्यात मी काय वाचलं’ असं करा, त्यात मुलांची पुस्तकं राहू देत पण ती तुम्ही वाचलेली, तुम्हाला जाणवलेली. मुलाला एकदा सरळ सांगा की तुझं बोलणं मी तुला न विचारता तिथे सांगितलं, ते चुकलं, यापुढे सांगणार नाही. सॉरी म्हणा आणि विषय संपवा, त्याच्याकडून लगेच काही बोलण्याची अपेक्षा ठेवू नका, पुढचे दोन महिने कदाचित तो ‘छान’च म्हणेल. आणि कोबायाशींसारखं ऐकायचं असेल तर ‘कसं होतं’ हा प्रश्न सोडा. तुम्ही वाचताना जे वाटलं ते तुम्ही बोला, "मला तर तो मामा अजिबात आवडला नाही बाई" असं भाजी चिरता चिरता, मग बघा तो मामाची बाजू घेतो की नाही. कधी त्याला स्वतःच क्लबहाऊसमध्ये बोलायचं असेल तर तो बोलेल, त्याच्या शब्दांत, आणि नसेल तर नाही.

शिक्षिका काकूंचं सगळ्यात अवघड आहे, तुम्ही पत्रात त्यावर दोनच ओळी लिहिल्यात यावरूनच कळतं. तीन वाटा दिसतात. कौतुक करून मोकळं व्हायचं, म्हणजे रविवार छान जाईल, पण चार घरं तुमच्या शब्दावर ते पुस्तक घेतील आणि पुढच्या वेळी तुम्ही ‘राधाचं घर’ घ्या म्हणालात तर कुणी घेणार नाही, टिपण लिहिणाऱ्याकडे विश्वास सोडून दुसरं भांडवल नसतं. दुसरं, जे वाटलं ते सगळ्यांसमोर बोलायचं. प्रसिद्ध लेखकाच्या पुस्तकाबद्दल मी तुम्हाला हेच सांगितलं असतं, बेधडक बोला, पण इथे निवृत्तीचे पैसे घालून पुस्तक छापलेली बाई समोरच्या खुर्चीत बसलेली असणार आणि सोमवारी तुम्हाला पार्किंगमध्ये भेटणार. त्या पुस्तकापासून वाचकांना असा काही धोका नाहीये की ते जाहीरपणे पाडलंच पाहिजे. तिसरी वाट मला बरी वाटते, नियम करा, की ओळखीच्या माणसाच्या पुस्तकावर मी टिपण करत नाही, आणि तो आत्ताच जाहीर करा, काकूंना घरी जाऊन आधी सांगून. उद्या आणखी कुणी कवितासंग्रह घेऊन येणारच आहे, पुण्यात आहोत आपण.

पण तिथे थांबू नका. त्यांना विचारा की तुम्हाला माझं मत हवंय का. नको म्हणाल्या तर चहा पिऊन या. हवं म्हणाल्या तर पुस्तक घेऊन बसा, पेन्सिलीनं खुणा केलेलं, आणि चिंचेच्या गोष्टीपासून सुरुवात करा. तुम्ही लिहिलंय की त्या एकाच गोष्टीला शेवटी "म्हणून मुलांनो" नाही. बघा म्हणजे झालं ना! तिथे त्यांना शिकवायचं नव्हतं, त्यांना चिंचा आठवत होत्या. बाकीच्या गोष्टींची शेवटची ओळ पुसून वाचून बघू या का, एवढंच त्यांना सुचवा. ३५ वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला शेवटी तात्पर्य सांगितल्याशिवाय तास संपल्यासारखं वाटत नसेल, यात त्यांचा मुलांवरचा जीवच आहे. आणि रविवारी टिपणाऐवजी त्यांनाच ती चिंचेची गोष्ट सांगायला लावा, पुस्तक न बघता, मुलं समोर बसवून. आणि "आमच्या मुलाला बोअर झालं" हे कारण मात्र कृपा करून पुढे करू नका. एका मुलाचा कंटाळा हा निकाल नव्हे, आणि तुम्हाला जे वाटलं ते त्याच्या तोंडून वदवून घेणं त्याच्यावर अन्याय आहे.

मोठ्यांच्या पुस्तकांबद्दल मला तुम्हाला फारसं काही सांगायचं नाही, तुम्ही चांगलं लिहिता. एकच, कथानक जरा कमी सांगा, ‘बनगरवाडी’ सोडून बाकी ठिकाणी अर्धं टिपण गोष्ट सांगण्यात जातं. आणि तुम्ही म्हणता की मुलांची पुस्तकं सुरू झाली की लोक चहाला उठतात, त्याचं कारण ती नेहमी शेवटी असतात. मिसळून टाका. एखाद्या महिन्यात चित्रपुस्तकानं सुरुवात करा, ते उघडून सगळ्यांना दाखवत, अर्धी सभा पुढे सरकून बसेल.

बाकी जे वाचक असं काही आपल्याकडे सुरू करू बघतायत आणि पुस्तकं महाग पडतात म्हणतात त्यांच्यासाठी, बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवलेत, एकेका अंकात काय काय सापडतं बघा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, अजून चालू आहे. अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये जाऊ नका, शाळेच्या पुस्तकांच्या गर्दीत काही बघता येत नाही, दिवाळीनंतर जा, आणि मुलाला घेऊन जात असाल तर निवड त्याला करू द्या, चुकीची केली तरी.

आता ताजा कलम, जो तुम्ही सगळ्यात शेवटी घाईघाईत लिहिलात. चौथ्यांदा तेच पुस्तक वाचणं अगदी बरं आहे. पहिल्यांदा मूल पुढे काय होतं हे वाचतं, मग ते माहीत असण्याचं सुख वाचतं, आणि अडखळत वाचणाऱ्या मुलाला तर ओळखीचं वाक्य म्हणजे धरायला कठडाच, तिसऱ्या-चौथ्या वेळी तो ‘द्ध’पाशी थांबतही नसेल. तुम्ही विचारलंत की ते आता जुनं नाही का झालं. भा. रा. भागवतांनी बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आणला तेव्हा फुरसुंगी हे गाव होतं, आज पुण्यातल्या मुलाला फुरसुंगी म्हटलं की कचरा डेपो नाहीतर ट्रॅफिक आठवतं. हे अंतर आहेच, आणि टिपणात लिहायला ते फार छान आहे. सायकलवरून एकटं गावभर हिंडणारं पोर, ज्याला कुणी कुठे चाललास विचारत नाही, आणि ते वाचणारं वारज्याच्या सातव्या मजल्यावरचं पोर, ज्याला खाली खेळायला जायचं तरी फोन करून जावं लागतं. त्याला त्यात काय सापडत असेल याचा मी अंदाज करू शकते, पण तो तुम्हीच केलेला बरा.

दीड वर्षाच्या टिपणांत हे पुस्तक एकदाही आलेलं नाही, "त्यात काय लिहायचं" असं तुम्ही म्हणता. पुढच्या महिन्यासाठी ते घ्या. दुकानातून नवी प्रत आणू नका, घरात आहे ती त्याच्याकडे मागा, वाचून झाली की देते म्हणून. कदाचित तो म्हणेल की थांब, माझं अजून तीन प्रकरणं राहिलंय. मग थांबा.